परमची वाट बीबीपर्यंत

बुलडाणा जिल्ह्यात पावसाच्या भाकिताला मोठा मान आहे. अक्षय्य तृतीयेला घाटाखाली, भेंडवळमध्ये, घट मांडला जातो. अठरा प्रकारची धान्यं गोलाकार ठेवतात, मधोमध घागर, घागरीवर पापड-कुरडई. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना कोणतं धान्य जागचं हललं, कोणतं तसंच राहिलं, हे पाहून वर्षाचं पीकपाणी सांगितलं जातं. साडेतीनशे वर्षांची ही रीत असल्याचं मानतात. विज्ञानाच्या कसोटीला ती उतरत नाही. पण तिथं पहाटे जमणाऱ्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला कधी जमलेलं नाही. ज्याचं वर्षभराचं भांडवल एका पावसावर लागलेलं आहे, तो कुणाला तरी विचारणारच.

तोच प्रश्न घाटावर, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बीबीत जूनमध्ये पडतो. बीबी लोणार तालुक्यातलं गाव. मेहकरहून सुलतानपूरमार्गे सिंदखेडराजाकडे निघालं की रस्त्यावरच लागतं. या पट्ट्यात खरिपात सोयाबीन. मृगाचा एखादा पाऊस दणकून पडतो, वावरं भिजतात, शेजाऱ्याची तिफण किंवा ट्रॅक्टर वावरात उतरलेला दिसतो, आणि आपणही पेरावं की थांबावं हे ठरवायला एक-दोन दिवसच हातात असतात. कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण प्रश्न झालेल्या पावसाचा नसतो, पुढच्या आठ-दहा दिवसांच्या पावसाचा असतो. उघाड पडली तर बियाणं करपतं. मग दुबार पेरणी, दुबार बियाणं, दुबार उसनवारी.

भारतानं पहिला महासंगणक मागितला तो नेमका या प्रश्नासाठी, आणि अमेरिकेच्या नकाराला उत्तर म्हणून देशात जो 'परम' बनला त्याच्या कामाचं नेतृत्व शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या माणसाकडं होतं. डॉ. विजय पांडुरंग भटकर. जन्म ११ ऑक्टोबर १९४६, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावी. 'परम'चे जनक म्हणून शाळेच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षेच्या गाइडपर्यंत त्यांचं नाव असतं. एका ओळीत उत्तर लिहिलं की गुण मिळतात. त्या ओळीच्या मागं काय होतं, आणि त्यातलं बीबीपर्यंत नेमकं काय पोचलं, यासाठी हा लेख.

नागपूरचं विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली सुरू झालं. आज त्याला व्हीएनआयटी म्हणतात. भटकर तिथून १९६५ साली अभियंता झाले. विदर्भातल्या खेड्यातल्या मुलाला इंजिनिअर व्हायला मुंबई-पुणं गाठावं लागू नये म्हणून उभं राहिलेलं ते कॉलेज, आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. पुढं बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९६८ साली एम.ई., दिल्ली आयआयटीतून १९७२ साली डॉक्टरेट. त्या काळी असं शिकलेल्या बहुतेकांचा पुढचा मुक्काम अमेरिका असे. भटकर दिल्लीत इलेक्ट्रॉनिक्स आयोगात गेले आणि तिथून १९८० च्या सुमारास थेट तिरुवनंतपुरमला.

केरळची ती वर्षं त्यांच्या चरित्रात सहसा घाईघाईनं उरकली जातात. मला ती फार महत्त्वाची वाटतात. केल्ट्रॉन ही राज्य सरकारची इलेक्ट्रॉनिक्स कंपनी के. पी. पी. नंबियार यांनी उभी केली होती. तिथं भटकरांनी संशोधन आणि विकासाचं काम सांभाळलं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं देशात रंगीत दूरचित्रवाणी आली, त्या तंत्रज्ञानापासून कारखान्यांच्या नियंत्रण यंत्रणेपर्यंत तिथं कामं चालत. सरकारी चौकटीत राहून, तरुण अभियंत्यांची फळी जमवून, ठरलेल्या मुदतीत चालणारी वस्तू कशी काढायची, हे शिक्षण त्यांना तिथं मिळालं. नंतर नंबियार केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स खात्याचे सचिव झाले, आणि पुण्यात महासंगणक बनवण्याची जबाबदारी कुणाला द्यायची, हा प्रश्न आला तेव्हा भटकर त्यांच्या पाहण्यातले होते.

आता पावसाकडं. १९८७ साली देशात शतकातल्या भीषण दुष्काळांपैकी एक पडला. मॉन्सूनचं मध्यम पल्ल्याचं, म्हणजे तीन ते दहा दिवसांचं भाकीत करायचं तर महासंगणक हवा, हे हवामानशास्त्रज्ञ आधीपासून सांगत होते. तसं यंत्र बनवण्यात तेव्हा अमेरिकेच्या क्रे कंपनीचा दबदबा. भारतानं मागितलं 'क्रे एक्स-एमपी २४'. पण पावसाचं गणित करणारं यंत्र अणुस्फोटाचं आणि क्षेपणास्त्राचं गणितही करू शकतं. अमेरिकेनं बराच काळ झुलवलं आणि शेवटी दोन प्रोसेसरऐवजी एका प्रोसेसरचं, कमी ताकदीचं 'एक्स-एमपी १४' द्यायला होकार दिला. त्यालाही अटी होत्या, यंत्र हवामानाखेरीज कशाला वापरायचं नाही. दिल्लीत ते आलं आणि राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राचं काम त्यावर सुरू झालं.

याच सुमारास पंतप्रधान राजीव गांधींशी झालेलं बोलणं भटकरांनी पुढं अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. आपल्याला असं यंत्र बनवता येईल का, असं पंतप्रधानांनी विचारलं. भटकरांनी सांगितलं, मी महासंगणक पाहिलेला नाही, क्रेचं फक्त चित्र पाहिलंय, पण बनवता येईल. किती वेळ लागेल? अमेरिकेकडून आणायला लागेल त्यापेक्षा कमी. खर्च? संस्था उभारण्यासकट सगळं धरून एका क्रेच्या किमतीपेक्षा कमी. चित्र पाहून होकार देणं ऐकायला छान वाटतं, पण या उत्तरात खरा विचार आहे तो 'संस्था उभारण्यासकट' या शब्दांत. यंत्र एकदा बनवून दाखवणं आणि ते बनवणारी माणसं कायमची तयार करणं यातला फरक त्यांना पहिल्याच दिवशी माहीत होता.

१९८८ च्या मार्चमध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालं. जागा पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या आवारात. मुदत तीन वर्षांची.

क्रेसारखं यंत्र बनवायचं तर एक-दोनच पण अतिवेगवान प्रोसेसर लागतात, आणि ते घडवण्याची भट्टी आपल्याकडं नव्हती. सी-डॅकनं दुसरा रस्ता धरला, अनेक साध्या प्रोसेसरांनी मिळून एक काम करण्याचा. सोयाबीनच्या सोंगणीचं उदाहरण घ्या. दहा एकराला एकच बलदंड, अतिशय चपळ माणूस लावायचा, की बेताच्या चालीची चाळीस माणसं गुत्त्यानं लावायची? चाळीसची टोळी लवकर उरकेल, पण प्रत्येकाला पट्टा नीट वाटून दिला तरच. दोघं एकाच पट्ट्यात घुसले की विळ्याला विळा लागतो. आणि सगळ्यांची सोंगणी संपली तरी मळणीयंत्र एकच असेल तर रांग तिथं लागते, मग चाळीसऐवजी ऐंशी माणसं आणली तरी दिवस वाचत नाही. समांतर संगणनाची सगळी डोकेदुखी ही एवढीच आहे. पट्टे कसे वाटायचे, शेजाऱ्याशी किती बोलायचं, आणि जे काम वाटताच येत नाही ते कमीत कमी कसं ठेवायचं.

त्यासाठी निवडलेली चिप होती ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीची 'ट्रान्सप्युटर', टी-८०० जातीची. तिची खुबी अशी की गणित करण्याबरोबरच शेजारच्या चार चिपांशी बोलायला तिला चार तोंडं जन्मतःच दिलेली होती. प्रत्येकीची स्मरणशक्ती स्वतःची. हवामानाच्या गणिताला ही मांडणी चपखल बसते. कारण आभाळाचे चौकोन पाडले की एका चौकोनातला वारा, दाब, बाष्प पुढच्या क्षणी काय होईल ते मुख्यतः शेजारच्या चौकोनांवर ठरतं. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२२ सालीच कल्पना मांडली होती की चौसष्ट हजार माणसं एका प्रचंड सभागृहात बसवून, प्रत्येकाला पृथ्वीचा एकेक तुकडा वाटून देऊन, हवामान घडतं त्याच वेगानं त्याचं गणित करता येईल. माणसांऐवजी चिपा आल्या, एवढंच.

चिपा विकत मिळतात. त्यांना एकत्र काम करायला लावणारी प्रणाली विकत मिळत नव्हती, ती पुण्यात लिहिली गेली, 'पारस' या नावानं. १९९० साली झुरिकच्या प्रदर्शनात नमुना दाखवला गेला, आणि १९९१ साली 'परम ८०००' देशासमोर आला. देश तेव्हा सोनं गहाण टाकत होता. पूर्ण २५६ ट्रान्सप्युटर जोडले की सेकंदाला शंभर कोटी गणितं, असा त्याचा कमाल वेग. आज बीबीच्या थांब्यावर एसटीची वाट पाहत बसलेल्या पोराच्या हातातला फोन याच्या कितीतरी पट वेगवान आहे. त्यानं परमचं मोल कमी होत नाही. जर्मनी, ब्रिटन आणि रशियात परमची यंत्रं गेली, त्यातलं एक मॉस्कोतल्या संस्थेत बसवलं गेलं. जे आपल्याला नाकारलं होतं त्या जातीचं यंत्र आपण बाहेर देत होतो.

झुरिकनंतर भारत अमेरिकेच्या खालोखाल दुसरा, असं आपल्याकडं वारंवार लिहिलं जातं. मूळ दाव्यात 'जाहीरपणे दाखवलेल्या यंत्रांमध्ये' असे शब्द आहेत आणि ते गाळणं बरोबर नाही. श्रेयाची वाटणीही नीट व्हायला हवी. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं १९८६ सालीच 'फ्लोसॉल्व्हर' हा समांतर संगणक चालवून दाखवला होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात 'अनुपम' आणि हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेत 'पेस' अशी कामं चालू होती. त्याआधी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटानं १९६० साली 'टिफ्रॅक' उभारला होता. भटकर या रांगेतले आहेत, रांगेच्या आधीचे नव्हेत. त्यांचं वेगळेपण असं की प्रयोगशाळेतल्या यंत्राला त्यांनी दुसऱ्यांना देता येईल अशा वस्तूचं रूप दिलं.

पुढची चाल वेगानं सांगतो. १९९८ साली 'परम १००००', सेकंदाला दहा हजार कोटी गणितं. त्यानंतर भटकर सी-डॅकमधून बाहेर पडले, संस्था थांबली नाही. 'परम पद्म' २००३ च्या जूनमध्ये जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत १७१ वा आला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये तर पुण्यातल्याच टाटांच्या प्रयोगशाळेचा 'एका' जगात चौथा होता. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात नरेंद्र करमरकर होते. रेषीय नियोजनाच्या गणिताची नवी रीत १९८४ साली बेल लॅबमध्ये शोधून जगाला हादरा देणारे ते हेच. 

इथवरची गोष्ट मथळ्यांची. बीबीपर्यंत जे पोचलं ते मात्र सी-डॅकच्या शेजारच्या खोलीतून आलं.

आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्याकडं भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम चाललं होतं. त्यात मोहन तांबे हा मराठी अभियंता होता. सी-डॅक स्थापन झाल्यावर तांबे आणि ते काम पुण्यात आलं. 'जिस्ट' नावाचं कार्ड संगणकाच्या खाचेत बसवलं की इंग्रजीखेरीज काही न समजणारं ते यंत्र देवनागरी दाखवू लागे. महासंगणकाच्या मोहिमेत भाषेचं काम कशाला, असा प्रश्न तेव्हा सहज विचारता आला असता. भटकरांनी त्याला जागा, माणसं आणि पैसा दिला. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय.

त्यामागचा विचार जवळून पाहावा असा आहे. देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू, तमिळ, या सगळ्या लिप्यांची वर्णमाला एकाच घराण्यातली. मग अक्षराच्या चित्राला क्रमांक न देता वर्णाला क्रमांक द्या. क साठी एकच क्रमांक, तो दाखवताना लिपी कोणती ते यंत्र ठरवेल. 'इस्की' हे प्रमाणक १९८८ आणि १९९१ साली असं ठरलं. कळपाटही त्याच धाटणीचा, 'इनस्क्रिप्ट'. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. बीबी टंकायचं तर उजव्या हातानं ब, डाव्यानं दीर्घ वेलांटी, पुन्हा ब, पुन्हा वेलांटी. चार ठोके. लिपी बंगाली निवडून हेच चार ठोके दिले तर बीबी बंगालीत उमटेल. क च्याच कळीवर शिफ्ट दाबली की ख, ग च्या कळीवर घ. बाराखडी पाठ असलेल्या मुलाला हा कळपाट फार तर पंधरवड्यात हाताशी येतो.

बाजारानं मात्र वेगळी वाट धरली. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, प्रत्येकाचा आपला खासगी क्रमांक-संच. सी-डॅकचे स्वतःचे 'सुरेख' आणि 'योगेश' हे टंकही सरकारी कचेऱ्यांत तसेच वापरले गेले. एका टंकात लिहिलेलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की भलत्याच चिन्हांची रास. तालुक्याच्या कचेरीबाहेर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या कुणालाही विचारा, या गोंधळात किती रात्री गेल्या ते तो सांगेल. तरी 'इस्की'चं बी वाया गेलं नाही. जगभर चालणाऱ्या युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता १९८८ च्या 'इस्की'वरूनच बेतला गेला. आज बीबीतला शेतकरी फोनवर सातबारा उघडतो, भावकीच्या ग्रुपवर मराठीत निरोप टाकतो, तेव्हा त्या अक्षरांमागं कानपूर-पुण्याच्या या लोकांनी ठरवलेला वर्णक्रम असतो. परमची नवी पिढी आली की जुनी भंगारात जाते. हे काम अजून रोज वापरात आहे.

सी-डॅकनंतर भटकरांचं बरंचसं लक्ष शिक्षणाकडं वळलं. घरोघरी शिक्षण पोचवण्याच्या संशोधनासाठी त्यांनी 'ईटीएच' ही प्रयोगशाळा काढली, हिंजवडीच्या आयस्क्वेअरआयटी या शिक्षणसंस्थेत ते होते, आणि २००१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाशी मार्गदर्शक म्हणून जोडले गेले. एमएस-सीआयटीचा कोर्स याच महामंडळाचा. तो पोकळ आहे, प्रमाणपत्रासाठी पोरं करतात, अशी टीका मी खूप ऐकली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण बाजाराच्या गावी एका गाळ्यात दहा संगणक, खाली चपलांची रांग, आणि आयुष्यात पहिल्यांदा माउस हातात धरलेली, तो टेबलावरून सरकवताना श्वास रोखणारी मुलगी, हे दृश्य विदर्भ-मराठवाड्यात त्या कोर्सनं आणलं. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागतं, म्हणून घरच्यांनी मुलींनाही पाठवलं. तालुक्याला कॉलेज नसलेल्या गावांतून.

महाराष्ट्र भूषण, २००० साली पद्मश्री, २०१५ साली पद्मभूषण, २०१७ साली नालंदा विद्यापीठाचं कुलपतिपद, विज्ञान भारतीचं अध्यक्षपद, असे मान त्यांना मिळत गेले. विज्ञान आणि अध्यात्म यांचा मेळ घालण्याची त्यांची उत्तरायुष्यातली मांडणी मला सगळी पटत नाही, आणि अनेक वैज्ञानिकांनाही पटत नाही. पण ज्या माणसानं यंत्र आणि अक्षर दोन्ही दिलं त्याचं ऋण त्यामुळं कमी होत नाही.

राहिला पावसाचा प्रश्न, ज्यासाठी हे सगळं सुरू झालं. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' बसला, तो क्रे कंपनीचाच. २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'अर्क' आणि 'अरुणिका' ही हवामानाची नवी यंत्रं राष्ट्राला अर्पण झाली, तीही युरोपातल्या कंपनीकडून घेतलेली. त्याच दिवशी सी-डॅकच्या स्वदेशी रचनेचे तीन 'परम रुद्र' पुढं आले. त्यातला एक जुन्नरजवळच्या खोडदच्या दुर्बिणीसाठी आहे. पंतप्रधान यासाठी पुण्यात येणार होते, पण मुसळधार पावसामुळं दौरा रद्द होऊन कार्यक्रम दिल्लीहून दूरदृश्य पद्धतीनं झाला. म्हणजे स्वदेशी यंत्र आहे, पण देशाच्या रोजच्या पावसाचं गणित अजून आयात यंत्रावर चालतं. १९८७ चा नकार विसरला गेला असेल तर तो पुन्हा आठवायला हवा.

गणित मात्र खरोखर सुधारलं आहे. आभाळाचा चौकोन आधी बारा किलोमीटरचा असे, २०२५ च्या मेमध्ये जाहीर झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये तो सहा किलोमीटरवर आला. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि पुढं टाकायची वेळेची पावलंही दुप्पट करावी लागतात, म्हणजे काम आठपट. ते झालं म्हणून आता लोणारच्या विवराचा परिसर, सुलतानपूर आणि बीबी अधिक बारकाईनं वेगवेगळे मोजले जाऊ शकतात. अतिवृष्टीच्या भरपाईचा हिशेब महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर चालतो, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ओलांडले की अतिवृष्टी. मंडळाच्या गावी हा आकडा घराघरात तोंडपाठ असतो. एवढ्या बारकाईच्या भाकिताची गरज कुणाला आहे, हे त्यावरून कळावं.

पण यंत्र वेगवान होत असतानाच मधला दुवा तुटला. चौकोनांतून निघालेले आकडे शेतकऱ्याच्या कामाच्या भाषेत सांगायला, म्हणजे फवारणी आज करा की परवा, सोंगलेलं सोयाबीन झाका की मळून घ्या, हे सांगायला कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रं उघडली होती. प्रत्येकात दोनच माणसं, एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक. देशभरातली ती १९९ केंद्रं २०२४ साली बंद करण्यात आली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला येतो, पण एका विभागाच्या एवढ्या जिल्ह्यांचा भार एका जागेवरून उचलताना बीबीच्या मंडळापुरतं बोलायला कोण उरणार? शेकडो कोटींची यंत्रं घेणाऱ्या सरकारला जिल्ह्यामागं त्या दोघांचा पगार जड नाही. ती दोन पदं पुढच्या मृगाआधी भरली गेली पाहिजेत, आणि बुलडाण्याच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी नाव घेऊन, लेखी करायला हवी.